रिझर्व्ह शेवटचं कधी उघडलं होतं?

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. पण कामशेतला, पाचगणीला किंवा सुट्टीत गोव्याला जाऊन पॅराग्लायडिंग करायचा बेत असेल, किंवा घरातलं कोणी जाणार असेल, तर शेवटपर्यंत वाचा. उडणाऱ्या मित्रांनी तर वाचाच, कारण यातली चूक माझी आहे आणि ती तुमच्यातल्या काहींचीही असणार.

मी नऊ वर्षं उडतोय. धंदा नाही, शौक. सुट्टीच्या दिवशी सकाळची लोणावळा लोकल पकडायची, कामशेतला उतरायचं, पाठीवर पंधरा-सोळा किलोची बॅग टाकून टॉवर हिल नाहीतर शेलारच्या टेकडीवर जायचं आणि वाऱ्याची वाट बघत बसायचं. घरच्यांना याची सवय झालीय. फक्त आईला नाही.

आई पहिल्यांदा टेकडीवर बघायला आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता.

"आणि हे वरचं कापड मिटलं तर?"

"तर दुसरं असतं ना. सीटच्या खाली. रिझर्व्ह पॅराशूट."

"ते उघडतं का पण?"

"उघडतं की."

नऊ वर्षं हेच उत्तर देत आलो. गेल्या ऑक्टोबरात कळलं, की त्यातली शेवटची दोन वर्षं मी तिच्याशी खोटं बोलत होतो. माहीत नसताना, पण खोटंच.

झालं असं. पावसाळ्यात कामशेतचं उडणं बंद असतं. जून ते सप्टेंबर सगळं सामान घरात पडून. सीझन सुरू व्हायच्या आधी आमच्या ग्रुपमधल्या एका सीनियर पायलटने, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, रीपॅकिंगचा दिवस ठरवला. म्हणजे प्रत्येकाने आपलं रिझर्व्ह आणायचं, उघडायचं, हवा द्यायची, तपासायचं, परत घडी घालायची. लग्नाचे मुहूर्त नव्हते म्हणून गावातलं मंगल कार्यालय स्वस्तात मिळालं. आम्ही अकरा जण होतो.

मला वाटलं होतं सतरंजीवर बसून घड्या घालायच्या. दादांनी आधी छताच्या लोखंडी तुळईला दोर बांधले आणि म्हणाले, "घडी नंतर. आधी एकेक जण आपापल्या हार्नेसमध्ये बसा आणि लटका. हवेत जसे असता तसे. मी फेक म्हटलं की फेकायचं."

माझ्या आधी एक मुलगी होती, दोनच वर्षं उडतेय. दादा हार्नेस धरून तिला गरागरा फिरवत होते, फिरवता फिरवता ओरडले, "फेक!" तिने खाली बघितलं, हँडल पकडलं, ओढलं, फेकलं. दोन सेकंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी. फेक म्हटल्यावर हात बरोबर हँडलवर गेला. ओढलं. काही नाही. परत ओढलं. काही नाही. दोन्ही हातांनी ओढलं तर अख्खा हार्नेस माझ्यासकट त्या बाजूला फिरला, पण पॅराशूट जागचं हललं नाही. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. कोपऱ्यात चहा गाळत होता तो मुलगासुद्धा थांबला.

दादांनी मला तसंच लटकत ठेवून खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पट्टी आखूड आहे."

हे काय ते नीट सांगतो, कारण इथेच सगळं आहे. रिझर्व्ह एका आतल्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं असतं. ती पिशवी हार्नेसच्या कप्प्यात. कप्प्याची झाकणं लूप आणि पिना लावून बंद. बाहेर एक मोठं, बहुतेक वेळा लाल हँडल. या हँडलला दोन कामं असतात. आधी पिना निघायला हव्यात म्हणजे कप्पा उघडेल, आणि मग हँडलला जोडलेल्या पट्टीने आतली पिशवी बाहेर यायला हवी. क्रम महत्त्वाचा. पट्टी आखूड असेल तर पिना निघायच्या आधीच ताण पिशवीवर येतो. म्हणजे बंद दाराच्या आतून सामान ओढायचा प्रकार. जितका जोर लावाल तितकं दार घट्ट.

दोन वर्षांपूर्वी मी हार्नेस बदलला होता. सेकंडहँड, चांगल्या अवस्थेतला. जुन्या हार्नेसमधलं रिझर्व्ह मी स्वतःच घरी, मोबाईलवर व्हिडिओ बघत, नव्यात बसवलं. दिसायला एकदम व्यवस्थित. पिना जागेवर, हँडल जागेवर, वेल्क्रो चिकटलेलं. रोज उडायच्या आधी मी इमानदारीत ते तपासायचो. जे तपासायचो ते बरोबरच होतं. पण एकदाही लटकून ओढून बघितलं नाही. दोन सीझन मी सीटखाली दीड किलोचं गाठोडं घेऊन फिरत होतो. त्याला पॅराशूट म्हणणं चुकीचं होतं.

मग पिशवी उघडली. आतली कथा वेगळीच. दोरांच्या जुड्या ज्या रबरात अडकवलेल्या असतात ती रबरं चार पावसाळ्यांत मऊ पडून दोरांना चिकटली होती. दोन तर ओढल्यावर तुटली. कापडाला कुबट वास. आणि त्या वासात आणखी एक ओळखीचा वास होता. डांबर गोळ्या! आईने माळ्यावरच्या सगळ्या कपड्यांबरोबर माझ्या बॅगेतही टाकल्या होत्या. कसर लागू नये म्हणून, प्रेमाने. पॅराशूटच्या नायलॉनजवळ कसलंही रसायन नको, ना डांबर गोळी, ना झुरळाचा स्प्रे, ना बॅटरीचं आम्ल, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिला कुठून कळणार? तिच्यासाठी ते कापडच होतं.

आता जे त्या दिवशी शिकलो ते लिहितो. उडणाऱ्यांनी सेव्ह करून ठेवा.

रिझर्व्हचे तीन वैरी: ओल, ऊन आणि विसर. बहुतेक कंपन्या सहा महिने ते वर्षभरात एकदा उघडून परत घडी घालायला सांगतात. आपल्याकडे कोकणाची नाहीतर मावळाची हवा म्हटल्यावर जवळचाच आकडा धरावा. माझा नवा नियम सोपा आहे: एकदा पावसाळा संपल्यावर, एकदा पावसाळा सुरू व्हायच्या आधी. धरणात उतरलात, ओल्या गवतात बॅग राहिली, तर तारखेची वाट बघू नका. समुद्राचं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं. उन्हात कधीच नाही. उन्हाने नायलॉन कमजोर होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

उघडलं की निदान एक दिवस घरात टांगून ठेवा. महिनोन्‌महिने दाबून बसलेल्या कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटतात, आणि तसं पॅराशूट उघडायला जास्त वेळ घेतं. हवेत तो वेळ तुमचा नसतो. पॅनेल एकेक करून उजेडात धरून बघा. दोर मोजा, गुंता आहे का बघा. रबरं दर वेळी नवीन, आणि कंपनी सांगते त्याच मापाची. भाजीच्या जुडीचं रबर चालत नाही. (हसू नका, अकरातल्या दोघांकडे तेच होतं.) घडी घालताना तात्पुरत्या लावलेल्या दोऱ्या, पिना, चिमटे शेवटी मोजून परत काढा. जितके आणले तितके हातात यायला हवेत. एक जरी कमी भरला तर तो आत आहे असं समजून परत उघडायचं.

घडी नीट आली की कार्डावर तारीख आणि घालणाऱ्याची सही. वयही बघा. दहा-बारा वर्षांच्या वर बहुतेक कंपन्या वापरू नका म्हणतात, एकदाही उघडलेलं नसलं तरी.

वजन बघा. प्रत्येक रिझर्व्हला किती भार झेपतो ते लिहिलेलं असतं, आणि ते वजन म्हणजे तुम्ही अधिक सगळं सामान. युरोपियन प्रमाणानुसार, म्हणजे ईएन १२४९१, पूर्ण भार असताना खाली येण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरच्या आत लागतो. हिशेब केला तर दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखं. दुखेल, पण माणूस उठून उभा राहील. तेच एका माणसाचं रिझर्व्ह टॅन्डमला, दोघांच्या वजनाखाली लावलं तर हा हिशेब कोलमडतो. हे मुद्दाम लिहितोय, पुढे संबंध येणार आहे.

आणि दर उड्डाणाआधी: पिना पूर्ण आत आहेत का, हँडल जागेवर आहे का. करवंदीच्या जाळीतून बॅग ओढत आणली की हँडल अडकून पिन अर्धी बाहेर आलेली असू शकते. नको तेव्हा उघडणारं रिझर्व्हही तितकंच वाईट.

आता वापरायची गोष्ट. दादा एक गणित घालतात. विंग अर्धी मिटून तुम्ही गरगरत खाली चाललात, तर सेकंदाला पंधरा-वीस मीटर खाली जाणं सहज होतं. म्हणजे शंभर मीटर उंची म्हणजे पाच-सहा सेकंद. तेवढ्यात ठरवायचं, हँडल शोधायचं, फेकायचं आणि कापडाला उघडायला वेळ द्यायचा. म्हणून ठरवणं जमिनीवरच करून ठेवायचं. टेकडीजवळ आहे, उंची कमी आहे, विंग ताब्यात येत नाहीये, तर फेकायचं. "अजून एकदा बघू" यात माणसं जातात.

क्रम असा: बघा, पकडा, ओढा, फेका. बघा यासाठी की घाबरलेला हात भलताच पट्टा धरतो. फेका म्हणजे खरंच फेका, मोकळ्या आकाशात, जोरात, आणि हँडल सोडून द्या. हँडल हातात घट्ट धरून बसलेले लोक असतात, भीतीने मूठ उघडत नाही. उघडल्यावर काम संपत नाही. वरची विंग अजून अर्धवट जिवंत असते. ती एकीकडे ओढते, रिझर्व्ह दुसरीकडे, आणि दोन्हींच्या भांडणात तुम्ही वेगाने खाली. म्हणून विंगच्या दोऱ्या ओढून तिला मारायचं, जवळ घ्यायचं. मग सीटमधून उठून उभं व्हायचं, पाय जुळवलेले, गुडघे जरा वाकलेले, पडताना अंग कुशीवर लोळवायचं. बसून उतरलं तर सगळा मार मणक्यावर.

पुण्यात ग्लायडर म्हटलं की जुन्या लोकांना हडपसर आठवतं, ते लांब पंखांचं बिनइंजिनाचं विमान. त्यातल्या आणीबाणीच्या पॅराशूटचा प्रकार वेगळा. आम्ही विंगला जोडलेलेच राहतो. त्या पायलटला मात्र पॅराशूट पाठीवर घालून विमान सोडावं लागतं: आधी वरची काच उडवायची, मग सीटचे पट्टे सोडायचे, मग बाहेर पडायचं, मग दोरी ओढायची. तिथला एक धोका मला फार शिकवून गेला. घाबरलेला माणूस सीटच्या पट्ट्यांबरोबर पॅराशूटचे पट्टेही सोडून बसू शकतो. का? कारण रोज उतरल्यावर तो दोन्ही एकदमच सोडत आलेला असतो. म्हणून चांगले प्रशिक्षक सांगतात, साधं लँडिंग झालं तरी पॅराशूट अंगावर ठेवूनच कॉकपिटमधून बाहेर या. हाताला तीच सवय लागू दे. आणीबाणीत आपण हुशार होत नाही, आपण रोज जे करतो तेच करतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

माझं रिझर्व्ह उघडलं नसतं तर गेलो असतो मी. माझा शौक, माझी चूक. पण टॅन्डमला पुढे बसणाऱ्या माणसाचं काय? तो पैसे भरतो, फॉर्मवर सही करतो, सेल्फी काढतो. आपल्या जिवाची दुसरी छत्री कुठे आहे हेही त्याला माहीत नसतं.

जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेल्या टॅन्डमला अपघात झाला. पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही गेले. कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. तो अपघात रिझर्व्हमुळे झाला असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्या आठवड्यात मला ओळखीच्यांचे जितके फोन आले, त्या सगळ्यांचा प्रश्न एकच होता: "परवाना होता का रे?"

परवाना हवाच. आपल्या राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात जमीन, पाणी, हवा तिन्ही आले, आयोजकांची नोंदणी आली. हिमाचलने एरो स्पोर्ट्सचे वेगळे नियम केलेत, तिथे तांत्रिक समिती सामान तपासते. हे चांगलंच आहे. पण नोंदणीचा कागद ऑफिसच्या भिंतीवर असतो आणि रबर कप्प्याच्या आत कुजत असतं. माझ्याकडेही सगळे कागद होते. रेटिंग होतं, विमा होता, नऊ वर्षांचं लॉगबुक होतं. त्यातल्या एकानेही ती आखूड पट्टी पकडली नाही. ती पकडली मंगल कार्यालयाच्या तुळईला बांधलेल्या दोराने.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. जिथे जिथे पैसे घेऊन टॅन्डम चालतं, तिथे दर सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक टॅन्डम हार्नेस टांगून, रिझर्व्ह ओढून दाखवायचं. पंचायतीचा माणूस, तलाठी, पोलीस, पर्यटन खात्याचं कोणी, कोणीही समोर असू दे. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. उघडलं की नाही हे शाळेतलं पोरगंही सांगेल. आणि रीपॅकची तारीख हार्नेसवर बाहेरून दिसेल अशी लावायची, रिक्षाच्या मागे जशी पासिंगची तारीख असते तशी. याला मोठा खर्च नाही. ओळखीच्या जाणत्या माणसाकडून केलेलं एक रीपॅकिंग एका टॅन्डमच्या भाड्यापेक्षा कमीत होतं.

व्यवसाय करणाऱ्या मित्रांनो, रागावू नका. तुमच्यातले बरेच जण माझ्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहेत, मला माहीत आहे. तुम्हालाच याचा फायदा आहे. जो नीट करतो आणि जो करत नाही, दोघांचं भाडं आज सारखंच दिसतं.

आणि जे एकदाच उडणार आहेत त्यांच्यासाठी, उडायच्या आधी पायलटला चार प्रश्न विचारा:

१. रिझर्व्ह कुठे आहे आणि हँडल कोणतं? दाखवा.
२. शेवटचं कधी उघडून घडी घातलं? तारीख आणि सही कुठे आहे?
३. ते टॅन्डमचंच आहे ना? आपल्या दोघांचं आणि सामानाचं वजन त्यात बसतं ना?
४. फेकावं लागलं तर मी काय करायचं?

चांगला पायलट या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. जो "काही होत नाही हो" म्हणून हसतो, त्याच्याबरोबर उडू नका. ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल. खाली उभं राहून भजी खा.

त्या दिवशी घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता उडणं बंद कर म्हणेल. तिने आधी डांबर गोळ्यांबद्दल वाईट वाटून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी विचारत होते ते बरोबर होतं. तूच बघून सांगत नव्हतास." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

पट्टी बदलली. रबरं बदलली. दादांनी परत लटकवलं. दोन सेकंदांत बाहेर आलं. पाच वेळा केलं. आता पुढच्या सीझनआधी परत करणार.

रीपॅकिंगचा पुढचा दिवस मे महिन्याच्या शेवटी धरतोय, पावसाच्या आधी. तारीख ठरली की इथेच टाकतो. सोलो, टॅन्डम, नवे, जुने, सगळे या. घडी येत नसेल तर शिकवू. फक्त लटकायची तयारी ठेवून या, आणि हँडल ओढल्यावर काही झालं नाही तर लाजू नका. तिथे लाज वाटलेली परवडते.